वरच्यांचं पाणी

स्वयंपाकघराच्या भिंतीला ओल आली, ती चार महिन्यांपूर्वी. आधी कपाटामागे तळहाताएवढा डाग, मग छतापासून ओट्यापर्यंत लांबलचक पट्टा, आणि गेल्या आठवड्यापासून तर डब्यांच्या फळीवरून टपटप थेंब. धाकटीने त्याखाली पातेलं ठेवलं आणि मनातल्या मनात निकालही देऊन टाकला. वरच्या मजल्यावर थोरल्या जाऊबाईंचं बाथरूम. पाणी दुसरीकडून येणारच कुठून?

"वर कुणाला नळ नीट बंद करायची सवयच नाही," असं ती एकदा जिन्यात मोठ्याने बोलून गेली. ते थोरलीने ऐकलं. "माझं बाथरूम कोरडं ठणठणीत आहे, ये आणि बघ!" वरून उत्तर आलं. धाकटी काही बघायला गेली नाही. त्या दिवसापासून दोघींत अबोला. जिना एक, दार एक, पण निरोप जायचे ते नवऱ्यांच्या तोंडून.

शेवटी धाकटीने प्लंबरला बोलावलं. साठीचा, काटकुळा माणूस, कानावर पेन्सिल खोचलेली. त्याने भिंतीवर हात ठेवला आणि म्हणाला, "वर जावं लागेल."

"तुम्ही जाऊन या. मी इथेच थांबते."

त्याने वरच्या बाथरूमची मोरी चिंध्यांनी बुजवली, फरशीवर दोन बोटं पाणी साठवलं, त्यात कपड्यांची नीळ ओतली आणि खाली येऊन स्टुलावर बसला. "थेंब निळा पडला, तर पाणी वरच्यांच्या फरशीतून येतंय."

धाकटी पातेल्यावर डोळे लावून बसली. तास गेला, दोन तास गेले. थेंब पडत होते, पण स्वच्छ. दूध उतू जायची वाट बघणारी बाई बघितली नव्हती कधी प्लंबरने, ती त्या दिवशी बघितली.

मग तो गच्चीवर गेला. टाकीखाली दोन कॉक होते. त्याने पहिला बंद केला. अर्ध्या तासाने धाकटीने खिडकीतून ओरडून सांगितलं, "पडतंय अजून!" त्याने तो उघडून दुसरा बंद केला. बराच वेळ काही फरक नाही. हळूहळू थेंब रेंगाळायला लागले आणि एकदाचे थांबले.

"थांबलं, थांबलं!" तिचा जीव भांड्यात पडला.

प्लंबर हात पुसत खाली आला. "ताई, आत्ता बंद केला तो कॉक तुमचा."

"आमचा?"

"टाकीतून तुमच्याकडे येणारा पाइप वरच्या बाथरूमच्या भिंतीतून उतरतो. तिथे गळतोय तो. त्यांचा काही संबंध नाही."

धाकटीचा चेहरा खर्रकन उतरला. "बरं. मग करा दुरुस्त."

"करतो की. पण त्यांच्या टाइल्स फोडाव्या लागतील. विचारून या."

"तुम्हीच विचारा ना, काका."

"पाइप जोडायचं काम माझं," प्लंबर म्हणाला आणि शांतपणे छिन्नी शोधायला लागला.

धाकटी जिना चढली. थोरली दारातच उभी होती. धाकटीने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "ताई... ते पाणी आमचंच होतं."

"काय म्हणालीस? ऐकू नाही आलं नीट."

"आमचंच होतं!" धाकटी जोरात म्हणाली. "चुकलं माझं. आणि आता तुमच्या टाइल्स फोडायच्यात."

थोरलीने तोंड घट्ट मिटून बघितलं, पण हसू काही आवरेना. "चार महिने मला बोल लावलास, आणि आता भिंत फोडायला निघालीस! फोड बाई, फोड. तो तपकिरी रंग तुझ्या भाऊजींची आवड. बारा वर्षं सोसतेय मी."

सहा टाइल्स निघाल्या. आत पाइपच्या वळणावर केसाएवढी चीर. प्लंबरने तेवढा तुकडा कापला, नवा जोडला, तो धरेपर्यंत थांबला आणि गच्चीवर जाऊन कॉक उघडला. दोघी जावा भिंतीच्या भगदाडाशी डोकं लावून बसल्या. सांधा कोरडा राहिला. धाकटीने बोट फिरवून पाहिलं, मग थोरलीनेही.

"अजून चार-सहा फुटतील का हो?" थोरलीने प्लंबरला विचारलं. "म्हणजे सगळी भिंतच बदलून घेते."

"पाइप तेवढाच होता, बाई," तो हसून म्हणाला. त्याने भगदाड सिमेंटने भरलं आणि बजावलं, "दोन दिवस इथे पाणी सांडायचं नाही. अंघोळी खाली."

दुसऱ्या दिवशी सकाळी थोरली टॉवेल आणि साबण घेऊन खाली आली. अंघोळ झाल्यावर ओले केस झटकत ओट्यापाशी टेकली, आणि चार महिन्यांचं साठलेलं बोलणं सुरू झालं. दोघींनी तीनदा चहा केला. भात करपला, तेव्हा कुठे थोरली उठली.

प्लंबरने दोन दिवस सांगितले होते. थोरली चौथ्या दिवशीही टॉवेल घेऊन खालीच आली.