बिनचावीची पेटी

चावीवाल्याने पेटीला कान लावला, एक डोळा मिटला आणि कुलपावर हलकेच टिचकी मारली. आतून काही उत्तर आलं नाही.

"झोपलंय बहुतेक," शेजारचा वेल्डर म्हणाला. तो सकाळपासून मदतीला आला होता आणि सकाळपासून मजा बघत होता.

ही लोखंडी पेटी चावीवाल्याने लग्नाच्या वर्षी बायकोसाठी घडवली होती. वर पैसे टाकायला फट, पुढे बिनचावीचं कुलूप. चावी असली की हात शिवशिवतात, म्हणून चावीच नाही. कुठे दाबायचं, किती फिरवायचं, ही खुबी फक्त त्याच्या डोक्यात. या कुलपासमोरून वारासुद्धा आडवाटेने जातो, असं तो गिऱ्हाइकांना सांगे. एक चोर म्हणे खटपट करून इतका थकला, की जाताना स्वतःच्याच खिशातले पैसे फटीत टाकून गेला. दर वर्षी गोष्टीतला चोर एकाने वाढे.

खुबी मात्र तो केव्हाच विसरला होता, आणि हे त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं.

आज गळ्याशी आलं होतं. वरच्या मजल्यावरच्या मावशी कायमच्या लेकीकडे निघाल्या होत्या. त्यांची खोली विकत घ्यायची, भाड्याने द्यायची, म्हणजे म्हातारपणी लोकांच्या दारांपुढे गुडघे टेकायला नकोत, हे नवराबायकोचं जुनं स्वप्न. बँकेने कर्ज मंजूर केलं होतं. इसाराची रक्कम पदरची हवी होती. संध्याकाळपर्यंत ती दिली नाही, तर खोली नाक्यावरच्या दलालाच्या घशात जाणार होती.

"कापू का?" वेल्डरने विचारलं.

"नोटा भाजून खायच्यात का?"

"मग आपटू?"

"तू घरी जा बघू."

बायको स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत आली. तिने नवऱ्याच्या कपाळावरचा घाम पाहिला, मग वेल्डरकडे पाहिलं.

"भाऊजी, तुमची शिडी कुणीतरी उचलून नेतंय."

वेल्डर धावला. तिने दाराला कडी लावली, बाह्या सारल्या आणि पेटी सर्रकन फिरवून तिची पाठ पुढे केली. बिजागरीखाली खिळा धरून हातोडीचे दोन टोले दिले. पिन वर आली. दुसरी पिन तर नुसत्या बोटांनीच निघाली, इतकी ती सवयीची झाली होती. झाकण मागून उचललं गेलं. पुढे कुलूप घट्ट बंदच.

चावीवाला आ वासून बघत राहिला.

"कधीपासून?"

"लेकीच्या पहिल्या फीपासून."

"ते पैसे तर तुझ्या भावाने दिलेले."

"त्याच्याकडे कुठले आलेत? तुमच्या ऑपरेशनचेही इथलेच."

"म्हणजे इतकी वर्षं मी उगाच त्याच्यापुढे मान खाली घालतोय?"

"हे एवढे का वाकतात, असं तोही विचारत असतो."

"आणि मी दर महिन्याला त्याचं कर्ज म्हणून तुझ्या हातात ठेवायचो ते?"

"फटीतून आत. व्याजासकट." ती नोटांच्या चळती लावत होती. रक्कम भरून वर थोडी उरलीही.

"मला बोलली नाहीस कधी."

"त्या चोरांची गोष्ट सांगताना तुमचा चेहरा कसा होतो, ते मी बघितलंय."

चावीवाल्याचे कान लाल झाले. मग खांदे हलू लागले, आणि तो तिथेच फरशीवर बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला.

वरच्या खोलीत आता एक खाट आणि एकच खुर्ची उरली होती. मावशींनी खाटेवर बसून पैसे घेतले, चष्मा लावला.

"खोली कुणाच्या नावावर करायची?"

चावीवाल्याने खुर्ची बायकोकडे सरकवली आणि स्वतः भिंतीला टेकून उभा राहिला.

"हिला विचारा."

"दोघांच्या," ती बसत म्हणाली. "पण भाडं आणायला मीच येणार. हे आले तर गप्पा मारून, वर भाडेकरूलाच चार पैसे देऊन खाली येतील."

मावशी खुदकन हसल्या.