बुडबुड्यांखालचा कान

मित्रांनो, मी एक जुना माईक आहे. पण गाण्याच्या कार्यक्रमातला नव्हे. मी पाण्याखाली राहतो आणि फक्त ऐकतो. बोलायची संधी आज पहिल्यांदाच मिळाली आहे, तेव्हा जरा सांभाळून घ्या.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. एका कारागीर बाईंनी चिनी मातीच्या कड्याला दोन तारा जोडल्या आणि त्यावर काळं रबर ओतलं. ओतताना त्या शेजारणीला म्हणाल्या, "आत एक बुडबुडा जरी राहिला ना, तरी जन्मभर नडेल याला." आत एकही राहिला नाही. मला नडले ते बाहेरचे!

पुढे मला धक्क्याच्या एका खांबाला, पाण्यात खोलवर बांधलं. वरच्या खोलीत मॅडम बसत. समुद्राचे आवाज ऐकून पाण्यात काय चाललं आहे ते शोधणं हे त्यांचं काम. माझी देखभाल मामांकडे होती. ते तिथे कुणाचेच मामा नव्हते, म्हणून सगळ्यांचे होते. रोज सकाळी ते टिकटिक करणारी एक डबी दोरीने पाण्यात सोडत. ती टिकटिक वर खोलीत पोहोचली की माझी हजेरी लागे. डबी डोळ्यांसमोर राहावी म्हणून मामा ती हातभरच बुडवत. मासे, बोटी, पाऊस, सगळं मी इमानाने ऐकलं. मॅडम माझं कौतुक करत आणि मी फुलून जाई.

मग मोठं वादळ आलं. लाट फुटते तेव्हा हवा पाण्यात कोंडते आणि तिचे बुडबुडे होतात. प्रत्येक बुडबुडा जन्मताना बारीकसा किणकिणतो. थोडे असले तर ऐकायला मजा येते. पण त्या दिवशी इतके झाले की माझ्या डोक्यावर त्यांची जाड गोधडीच पसरली. जन्मून गप्प झालेले बुडबुडे दुसऱ्यांचे आवाज गिळू लागले. बारीक आवाज वरच्या वरच जिरले आणि त्यात डबीची टिकटिकही गेली.

"मॅडम, याचा कान गेला," मामांनी निकाल दिला. मला वर काढून बादलीत तपासलं, तर टिकटिक लख्ख ऐकू आली! पुढच्या वादळात पुन्हा तेच. मामा वैतागले. "बादलीत शहाणा आणि वादळात बहिरा! ढोंगी आहे लेकाचा. भंगारात काढू या." मॅडमनीही नाइलाजाने मान हलवली. मला फार राग आला. जो आवाज माझ्यापर्यंत आलाच नाही, तो ऐकला असं मी कसं सांगणार? भंगारात गेलो तरी चालेल, पण खोटं ऐकायचं नाही, असं मी ठरवलं.

मी टेबलावर पडून होतो. शेजारी मामा पित्तावरची फसफसणारी पूड पेल्यात ढवळत होते. पेल्यावर चमचा वाजवायची त्यांना भारी खोड. रिकामा पेला टणटण वाजला होता, तो आता नुसता ठप वाजला. मॅडम माझी तार गुंडाळता गुंडाळता थांबल्या.

"मामा, पुन्हा वाजवा."

"अहो, औषध आहे हे, तबला नाही!"

पण त्यांनी वाजवलं. फेस बसत गेला तसा आवाज खुलत गेला. मॅडमनी खिडकीतून पांढऱ्या लाटांकडे पाहिलं. "मामा, याला परत खांबाला बांधा. आता वादळ आलं की डबी खाली सोडायची, पार याच्या शेजारी."

मामा कुरकुरले, पण त्यांनी मला घट्ट बांधलं. वादळ आलं. डोक्यावर गोधडी पसरली. डबी दगडाच्या वजनाने तिच्यातून खाली खाली आली. मी जिवाचा कान केला. टिक. टिक. टिक! वर मामांनी म्हणे आनंदाने रिकामा पेलाच बडवला.

आता माझं रबर भेगाळलं आहे. मामा मला गोड्या पाण्याने धुतात, तारेला पीळ पडू देत नाहीत. मित्रांनो, तुमच्या वस्तूंनाही असंच जपा. आणि एखादी गप्प झाली तर फेकण्याआधी डबी थोडी खाली सोडून बघा. मी खांबालाच आहे. येऊ दे वादळ.