निळ्या भाडेकरूची साफसफाई

दाताच्या डॉक्टरांच्या घरात शिरताना चपला दाराबाहेर, मोजे वेगळ्या कपाटात आणि मग हात बेसिनखाली, असा क्रम ठरलेला होता. पाहुणे तो निमूटपणे पाळत. न पाळणारा एकच होता, डॉक्टरांचा मेहुणा. डॉक्टर त्याला तोंडावर 'गबाळे' म्हणत आणि तोही खुशाल ओ देई.

गबाळ्या सर्व्हेअर होता. लोकांच्या जमिनींच्या हद्दी बिनचूक आखणाऱ्या या माणसाच्या स्वतःच्या फ्लॅटमध्ये टेबल कुठे संपतं आणि पलंग कुठे सुरू होतो, हे कुणालाही सांगता आलं नसतं. त्या पसाऱ्यात भिंतीला लागून खाऱ्या पाण्याची मोठी काचेची टाकी होती आणि तिच्यात एक निळा तारामासा. ही जात घरच्या टाकीत सहसा टिकत नाही. हौसेनं आणलेला तारामासा बहुतेक घरांत थोड्याच दिवसांत गळून जातो. गबाळ्याकडे मात्र तो चार वर्षं ठाण मांडून होता. फारसा हलत नाही, आवाज करत नाही आणि भाडं देत नाही, म्हणून गबाळ्या त्याला 'भाडेकरू' म्हणे.

गबाळ्याच्या हातून टिकलेली ही एकच गोष्ट. नोकऱ्या टिकल्या नव्हत्या, लग्न तर नव्हतंच टिकलं. डॉक्टरांची बायको ही गबाळ्याची थोरली बहीण; तिला हे सगळं ठाऊक होतं. म्हणून लांबच्या एका रस्त्याच्या मोजणीवर काही महिने जाताना त्यानं फ्लॅटची किल्ली पुढे केली, तेव्हा तिनं ती दोन्ही हातांनी घेतली.

"ताई, पाणी उडून जाईल तेवढं शुद्ध पाणी वरून टाकायचं. मीठ नाही घालायचं. दिवे आपोआप लागतात."

"आणि खायला?"

"काही नाही. बाकी कशालाच हात लावू नका. म्हणजे तू नाही लावणार. मी भावजींबद्दल बोलतोय."

"अरे, मी आहे ना. येशील तेव्हा इथंच असेल तो."

भावजींनी पहिल्याच रविवारी हात लावला. टाकी पाहून डॉक्टरांनी नाक मुरडलं. दगडांवर जांभळट-हिरवा थर चढला होता. मागची काच दिसतच नव्हती. "अगं, हे मत्स्यालय नाही, गटार आहे," ते म्हणाले आणि बाह्या सरसावून मागची काच खरवडायला लागले. डावीकडून निघाले ते अर्ध्यावर पोचले आणि खांदा भरून आला. मग त्यांनी निर्णय दिला, की एवढ्या घाणीत उपचार शक्य नाहीत, पेशंटला हलवावं लागेल.

हलवण्याचं काम त्यांनी उत्तम केलं, हे मान्य करायला हवं. दिवाणखान्यात नवी टाकी आली, पांढरीशुभ्र वाळू आली, दुकानातले कोरडे, स्वच्छ दगड आले. तारामाशाला हवा लागू न देता पाण्यासकट डब्यात घेतलं गेलं. क्लिनिकमधली सलाईनची नळी लावून नव्या टाकीचं पाणी डब्यात थेंब थेंब सोडलं गेलं, कारण खारेपणा एकदम बदलला तर हा जीव जागच्या जागी दगावतो. डॉक्टर संपूर्ण दुपार डब्याशेजारी बसून होते. एवढा वेळ ते रूट कॅनॉललाही देत नसत.

"आता बघा," ते आईला म्हणाले, "गबाळ्या आला की म्हणेल, हा माझा नव्हेच."

डॉक्टरांची आई कोचावर बसून नवी टाकी पाहत होती. तिला या घरात गोड वर्ज्य होतं आणि दोन जेवणांच्या मध्ये काही खाणंही. कवळी होती, तरीही.

"याला खायला काय घालतोस रे?"

"गबाळ्या काही घालत नव्हता."

"म्हणजे इथंही उपाशीच," म्हातारी म्हणाली. "चला, सोबत झाली."

दर रविवारी दगड बाहेर निघत. डॉक्टर दातांवरचं कीटण काढायची हत्यारं घेऊन बसत आणि दगडाच्या खाचाखोचा कोरून काढत. काच लखलखीत होई. शेजारी यायचे, हात धुवायचे आणि कौतुक करायचे. डॉक्टर त्यांना समजावून सांगायचे, की जगातली निम्मी दुखणी चिकट पातळ थरातून सुरू होतात. दातांवर काय आणि दगडांवर काय.

बदल पहिल्यांदा म्हातारीच्या लक्षात आला.

"हा वाळलाय."

"आई, तो सडपातळ जातीचाच आहे."

"मी रोज समोर बसते. आला तेव्हा याचे हात माझ्या अंगठ्याएवढे होते. आता करंगळी झालीये."

डॉक्टरांनी पाणी तपासलं. खारेपणा बरोबर, तापमान बरोबर, सगळं पुस्तकात असावं तसं. माशांच्या दुकानदारानं फोनवर सगळं ऐकून घेतलं आणि औषधाच्या तीन बाटल्या पाठवल्या. तिन्ही ओतून झाल्यावरही एका हाताचं टोक पांढुरकं पडलं. डॉक्टरांनी निदान केलं, जंतुसंसर्ग. मग दगड आठवड्यातून दोनदा घासले जाऊ लागले.

एका सकाळी तो हात पांढऱ्याशुभ्र वाळूवर वेगळा पडलेला दिसला.

ताईनं भावाला फोन लावला. तिकडे वारा भणाणत होता.

"खरं सांग, तू त्याला काय घालत होतास?"

"काही नाही गं. दगडावरचं खायचा तो. पोट बाहेर काढतो आणि थर चाटत फिरतो. मी दगड कधी धुतलेच नाहीत. आळस, दुसरं काय! का गं? बरा आहे ना?"

ताईच्या तोंडून 'हो' गेलं. फोन ठेवल्यावर तिला स्वतःचीच चीड आली. ती तडक आत गेली.

"अहो, तो थर खातो. तुम्ही दर रविवारी त्याचं ताट धुताय."

डॉक्टरांना कळलं नाही असं नव्हतं, चटकन कळलं आणि तीच अडचण होती.

"थर म्हणजे जंतूंची वसाहत," ते म्हणाले. "मी दिवसभर लोकांच्या तोंडातून तो काढतो आणि घरी येऊन तो वाढवू? लोक काय म्हणतील?"

"लोक हात धुऊन घरी जातील. मी भावाला काय सांगू?"

"उद्या बघू. आज माझं भाषण आहे."

भाषणाचा विषय होता 'दातांवरचा थर: एक मूक शत्रू'. डॉक्टर इस्त्रीचा शर्ट घालून निघाले. लिफ्ट खाली गेल्याची खात्री होताच म्हातारी कोचावरून उठली.

"ती सलाईनची नळी कुठल्या खणात असते गं?"

सासू-सुना डबा मांडीवर घेऊन टॅक्सीनं गबाळ्याच्या फ्लॅटवर गेल्या. तिथं बसायला जागा करण्यातच थोडा वेळ गेला. मग जुन्या टाकीचं पाणी डब्यात थेंब थेंब पडत राहिलं आणि म्हातारीनं कपाटात सापडलेलं बिस्कीट काढून खाल्लं. मऊ पडलं होतं. तिनं दुसरंही घेतलं.

डॉक्टर टाळ्या घेऊन परतले, तेव्हा दिवाणखान्यातली टाकी झगमगत होती आणि रिकामी होती.

"कुठंय तो?"

"जेवायला गेलाय," आई म्हणाली.

गबाळ्या परत आला, तेव्हा तिघंही त्याच्या फ्लॅटवर हजर होती. डॉक्टर ताईकडच्या किल्लीनं दार उघडून जोड्यांसह आत आले, कारण तिथली फरशी त्यांना पायमोज्यांच्या लायकीची वाटली नाही. भाडेकरू मागच्या काचेवर होता. चार हात पुन्हा भरले होते. पाचव्याच्या जागी निळं बोंड फुटलं होतं.

गबाळ्या बराच वेळ वाकून पाहत राहिला.

"गबाळे, एक हात काढावा लागला," डॉक्टर घसा साफ करून म्हणाले. "संसर्ग पसरत होता. वेळेवर काढला म्हणून बाकीचे वाचले."

"भुकेनं गळला तो," ताई म्हणाली. "यांनी दगड घासून घासून त्याला उपाशी ठेवला. आणि मी तुला फोनवर खोटं सांगितलं, बरा आहे म्हणून."

तारामासा जाड हिरव्या थरावरून हळूहळू डावीकडे सरकत होता. काचेच्या मधोमध थर एकदम तुटला होता. पलीकडे आता कुठे पातळ पापुद्रा धरत होता. तिथपर्यंत जाऊन त्यानं एक हात पलीकडे टाकला, चाचपून पाहिलं आणि परत घेतला.

"ही हद्द कुणी आखली?" सर्व्हेअरनं विचारलं. "सरळ आहे अगदी."

"मी," डॉक्टर सवयीनं म्हणाले. "अर्धंच झालं होतं."

"किल्ली द्या, भावजी."

डॉक्टरांनी किल्ली काढली, रुमालानं पुसली आणि त्याच्या तळहातावर ठेवली. गबाळ्यानं ती म्हातारीकडे दिली.

"आई, पुढच्या वेळी तुम्ही येत जा. काही करायचं नाही, नुसतं बसायचं."

"बसेन की. खायला काय ठेवशील?"

"कपाटात असेल ते. तारीख बघू नका."

डॉक्टरांनी तोंड उघडलं. ताईनं त्यांच्याकडे पाहिलं. तोंड मिटून ते बेसिन शोधायला गेले.