कुलपातली पेटी

मी भिंतीवरची पेटी बोलतेय. ठोका हरवलेल्या हृदयाला विजेचा झटका देऊन मार्गी लावायचं, हे माझं काम. पण आधीच सांगते, माझा माणसांवर फारसा विश्वास नाही, आणि त्याला कारणं आहेत.

या पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या कारखान्यात मी आले, त्याच दिवशी मॅनेजरसाहेबांनी मला काचेच्या कपाटात ठेवून कुलूप ठोकलं. महागाची वस्तू, कुणी ढापली तर? किल्ली साहेबांच्या खिशात. म्हणजे कुणाचं हृदय बंद पडायचं असेल, तर त्याने साहेबांची हजेरी बघून पडावं!

शेजारी तपासणीचं कार्ड लटकवलं. दर सोमवारी माझा हिरवा दिवा बघून त्यावर सही करायची. कारकुनाने अख्ख्या वर्षाच्या सह्या एका बैठकीत उरकल्या. तेव्हापासून मी सगळ्यांकडेच संशयाने बघू लागले.

त्यातही जास्त संशय झाडलोट करणाऱ्या मावशींचा. रोज काच पुसताना त्या डोळे बारीक करून आत बघत राहायच्या. एकदा तर त्यांनी कुलूप हलवून पाहिलं. यांचं लक्षण काही ठीक नाही, हे मी मनाशी पक्कं केलं.

एका दुपारी कटिंग मशीनवरचे दादा उभ्या उभ्या कोसळले. श्वास नाही, हालचाल नाही. कुणी पाणी शिंपडलं, कुणी तळवे चोळले. कारकून साहेबांना फोन लावत बसला. साहेब बाहेर गेलेले आणि किल्लीही त्यांच्यासोबत.

मावशी स्टूल उचलून माझ्याकडे धावल्या. साधली संधी, मी म्हटलं. खळ्ळकन काच फुटली.

"मावशी, साहेब ओरडतील," कारकून म्हणाला.

"ओरडू देत. तू आधी रुग्णवाहिका बोलाव." मग शेजारच्या हमालाला म्हणाल्या, "तू छाती दाबत राहा, थांबू नकोस."

माझ्यात भरलेल्या आवाजात मी एकेक पायरी सांगत गेले, त्या करत गेल्या. दादांचा सदरा फाडला, माझ्या तारांच्या पट्ट्या छातीवर बरोबर जागी चिकटवल्या. मी नवी आले तेव्हा मला कसं वापरायचं याचं प्रशिक्षण झालं होतं; त्या दिवशी बाकीचे फोटोसाठी केस नीट करत होते, तेव्हा चहाचा ट्रे धरून दारात उभ्या असलेल्या या एकट्याच ऐकत होत्या. दिवा लाल झाला तर लगेच कळवा, असं तेव्हा सांगितलं होतं. रोज त्या माझा दिवाच बघत होत्या. मला माझीच लाज वाटली.

सगळ्यांना बाजूला व्हायला सांगून मी झटका दिला. हमालाने पुन्हा छाती दाबायला घेतली. रुग्णवाहिका दारात येईस्तोवर दादा कण्हले.

तीन महिन्यांनी दादा कामावर आले, ते आधी माझ्यासमोर उभे राहिले. नवी काच, नवं कुलूप.

"साहेब, पुन्हा कुलूप?" त्यांनी शेजारी आलेल्या मॅनेजरसाहेबांना विचारलं.

"अहो, चोरीला गेली म्हणजे?"

दादा आपल्या मशीनकडे वळले, पण मी ऐकून घेणार नाही. मी चोरीला गेले तर एक पेटी जाईल. कुलपात राहिले तर कुणाच्या तरी घरातलं माणूस जाईल. ते कुलूप काढा.

तोवर मावशी रोज काच पुसतात, दिवा बघतात आणि जाताना स्टूल माझ्याच खाली ठेवून जातात. त्या स्टुलावर मात्र माझा पूर्ण विश्वास आहे.