नोएमीबाईंचा तळहात

मित्रांनो, मी एक सुरवंट आहे. दक्षिण ब्राझीलमधल्या एका पीचच्या झाडावर माझा जन्म झाला. आम्ही साठ-सत्तर भावंडे रात्री पाने खायचो आणि दिवसा खोडावर एकमेकांना चिकटून निजायचो. रंग सालीचा, अंगावरचे काटे शेवाळासारखे. पक्षीसुद्धा फसायचे. मला त्याचा फार अभिमान होता. आता लाज वाटते.

झाडाखाली आन्सेल्मो आणि त्याची बायको नोएमीबाई शेजाऱ्यांबरोबर कडू हिरवा चहा घेत बसत. वाळक्या भोपळ्याचा एकच तुंबा आणि चहा ओढायची एकच नळी सगळ्यांत फिरायची. एका संध्याकाळी किटली घेऊन उठताना बाईंनी आधाराला खोडावर हात टेकला. तो राठ, उबदार तळहात अजून माझ्या पाठीवरून उठलेला नाही. मी चावलो नाही, हललोही नाही. काटे मोडले आणि विष आपोआप उतरले.

आन्सेल्मो म्हणाला, "अगं, दाखव तरी."

"चटका बसलाय नुसता. फेरी कशाला मोडतोस? बस खाली."

फेरी अर्धवट सोडणे म्हणजे तिथे पाहुण्यांचा अपमान. बाईंनी तुंब्यातला ओला चोथा हातावर थापला आणि पुढच्याला चहा भरून दिला. आन्सेल्मोने रॉकेल ओतून माझी भावंडे जाळली. मी गवतात पडलो म्हणून वाचलो.

तिसऱ्या दिवशी बाईंच्या हिरड्यांतून रक्त येऊ लागले, अंगावर काळेनिळे डाग उठले. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारले, सुरवंट कोणता होता? दाखवायला राखेशिवाय काही नव्हते. आन्सेल्मो धावत घरी आला, गुडघ्यांवर बसून गवत चाळू लागला. त्याला मी सापडलो. मला बरणीत घालून त्याने नेले. मग लांबच्या शहरातून औषध मागवले, पण ते पोचेपर्यंत बाई गेल्या होत्या.

"हिला पहिल्याच दिवशी आणलं असतं तर?" आन्सेल्मोने विचारले.

"वाचल्या असत्या," डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या.

त्याने बरणी उचलली. आता हा मला चिरडणार, असे मला वाटले, आणि खरे सांगतो, तसे झाले असते तर बरे वाटले असते. पण त्याने बरणी पुढे सरकवली. "औषध यांच्याच काट्यांचं करतात ना? मग न्या याला. माझ्या हातून बाकीचे जळाले."

मित्रांनो, उद्या माझे काटे कापतील. झाडाला हात लावण्याआधी खोड नीट बघा. आम्हाला जाळू नका, जपून बरणीत घाला. आणि चटका बसलाच, तर हातातला चहा तसाच ठेवून उठा. पाहुणे रागावणार नाहीत.