काठी गप्प, वाट मोकळी

धरमसिंग काठी पुढे धरून ओसरीवरून आत आले आणि थेट कापसाच्या ढिगात घुसले. पार कमरेपर्यंत. पागोटं एकीकडे, चप्पल दुसरीकडे. काठीने तोंडातून चकार शब्द काढला नव्हता. कापसात बसल्या बसल्याच त्यांनी हाक मारली,

"वर्षे, काहून नाही वाजली वं तुही मशीन?"

वर्षाचं हसून हसून पोट दुखायला लागलं. वेचणीचे दिवस, अख्ख्या तांड्यात घराघरात कापूस भरलेला; त्यात आपली काठी अशी आंधळी ठरेल हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. बापाची नजर गेली तेव्हापासून तिच्या डोक्यात एकच ध्यास होता. राळेगावला ती पोरींना इलेक्ट्रॉनिक्स शिकवायची. तिथलंच ज्ञान वापरून तिने बापाच्या बांबूच्या काठीला सेन्सर बसवला, काडेपेटीएवढा एक बोर्ड आणि बझर जोडला. समोर काही आलं की काठी वाजायची, जवळ आलं की घाईघाईने वाजायची.

"बा, हे आवाज फेकते. आवाज कशावर आपटून परत आला, की समजते किती दूर हाय ते. कापूस पडला मऊ, आवाज पिऊन टाकते. टणक काही पाहिजे. हे बघा."

तिने काठी दारात उभ्या असलेल्या आईकडे रोखली. भुरीबाईच्या फेटियावर, त्या बंजारा घागऱ्यावर, बोटभर जागा रिकामी नव्हती. आरसे, कवड्या, पाऊल टाकलं की किणकिणणारी जुनी नाणी. काठी लगेच टीटीटी करायला लागली. धरमसिंग खूश होऊन हसले. भुरीबाई हसली नाही.

असा फेटिया घालणाऱ्या बायका तांड्यात आता फारशा उरल्या नव्हत्या. वर्षाने आईला किती वेळा विनवलं होतं, याडी, निदान माझ्या लग्नात तरी साडी नेस. भुरीबाईचं उत्तर ठरलेलं. "तुह्या बाले मी दिसत नाही. ऐकू तर येऊ दे."

"उद्या मी वावरात जातो," धरमसिंग दाढीतला कापूस काढत म्हणाले. "एकटा."

"नको," भुरीबाई म्हणाली.

"काहून नको? काठी गप्प, तर वाट मोकळी. पोरीनंच शिकवलं मले."

शिकवलं होतं खरं. तेव्हापासून त्यांनी काठी टेकवत चालणंही सोडून दिलं होतं. ती बंदुकीसारखी पुढे धरायची आणि ऐटीत चालायचं.

"जाऊ दे न याडी," वर्षा म्हणाली. "किती दिवस हात धरून नेशील त्यायले?"

भुरीबाईने फेटियावरचं एक नाणं बोटांनी चाचपलं. मग तिने एवढंच विचारलं, "टणक असलं की वाजते न पक्कं?"

"पक्कं."

दुसऱ्या दिवशी सकाळी वर्गात वर्षाने तसाच एक सेन्सर पोरींच्या हातात दिला. भिंत, फळा, डबा, एकमेकींची तोंडं, सगळीकडे तो रोखून हसणं-खिदळणं चाललं होतं. रंजिता नावाची एक पोरगी बाकावर चढून त्याच्या कडेला उभी राहिली. तिने सेन्सर कडेच्या पुढे धरला होता.

"मॅडम, पुढं खोल खड्डा असला तर हे काय सांगते?"

"काहीच सांगत नाही, समोर काही असलं तरच..."

वर्षाने रंजिताला कडेवरून मागे ओढलं. वावरातली विहीर! पायवाटेला लागून, बिनकठड्याची. डोळसांना तिथे कठडा लागत नाही, म्हणून कुणी बांधलाच नाही. विहिरीपुढे काठी गप्प राहणार. आणि काठी गप्प, तर...

तिने आईला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. शेजारच्या तुळसाबाईला लावला.

"तुहा बा? तो तर कवाचाच गेला वं वावरात. मस्त चालला होता, काठी तर एकदाबी वाजली नाही!"

वर्षाने स्कूटी काढली. रस्ता कसा सरला तिला कळलं नाही. 'मीच शिकवलं, मीच शिकवलं,' एवढंच डोक्यात घणासारखं आदळत होतं. धुऱ्याच्या बांधाशी स्कूटी तशीच आडवी टाकून ती कापसाच्या पऱ्हाटीतून पळत सुटली. बोंडांच्या टोकांनी हात ओरबाडले.

"बा! ओ बा!"

पऱ्हाटीच्या सळसळीत हाक विरून गेली. विहिरीचा काठ दिसला आणि ती थांबली. पुढे होऊन आत वाकून बघायची हिंमत होईना. पाण्यावर पागोटं दिसलं तर?

तेवढ्यात काठी ऐकू आली.

पलीकडच्या पळसाआडून तो आवाज येत होता, घाईचा, न थांबणारा. वर्षा काठाने फिरून पलीकडे गेली. धरमसिंग पायवाटेवर उभे होते, काठी समोर रोखलेली. काठीसमोर दोन बांबू रोवून, त्यांच्यामध्ये ताणून बांधलेला आईचा फेटिया आणि वरती ओढणी. वाऱ्याने आरसे हलत होते, नाणी किणकिणत होती. त्याच्यामागे लगेच विहीर.

"वर्षे, तू हायस काय?" धरमसिंग वैतागून म्हणाले. "सांग तुह्या याडीले. एकटा जातो म्हणलं तर इथं वाटेत येऊन उभी राह्यली. किती वेळचा बोलून राह्यलो, सरकतबी नाही अन् बोलतबी नाही."

पऱ्हाटीतून भुरीबाई बाहेर आली. अंगावर वर्षाची जुनी सुती साडी, पाय अनवाणी. पहाटेच येऊन तिने बांबू रोवले होते; मग घरापासून ती नवऱ्याच्या मागे चार पावलांवर चालत आली होती आणि त्यांना चाहूलही लागली नव्हती.

"भुरे, सरक न," धरमसिंग फेटियाला म्हणाले.

"सरकत नाही," भुरीबाई त्यांच्या पाठीमागून म्हणाली.

धरमसिंग दचकून वळले. "तू मांगं? मंग समोर कोण हाय?"

"विहीर हाय."

त्यांच्या हातातली काठी खाली आली. ते हळूच जमिनीवर बसले आणि दोन्ही हातांनी माती घट्ट धरली. वर्षाने पुढे होऊन काठीचं बटण बंद केलं. आता फक्त समोरची नाणी वाजत होती. धरमसिंगांनी त्या आवाजाकडे मान वळवली, मग दुसरीकडे, आणि हवेत हात फिरवू लागले.

"भुरे, कुठं गेली वं?"

भुरीबाई त्यांना खेटूनच बसली होती.

"इथंच हाय," ती म्हणाली आणि त्यांचा हात धरून तिने साडीतल्या आपल्या खांद्यावर ठेवला.