सतरातला एक

मुरबे गावात एका हळदीत दर्पणने वत्सलाला राणी केलं, तिथून सगळं सुरू झालं.

दर्पण म्हणजे केळव्याच्या रिसॉर्टांत शनिवार-रविवारी मुंबईच्या पाहुण्यांची मनं ओळखणारा पोरगा. अंगात काळा शर्ट, बोटांत अंगठ्या आणि खिशात 'मेंटॅलिस्ट' असं छापलेली कार्डं. हळदीच्या मांडवात त्याने वत्सलासमोर पत्त्यांचा कॅट ठेवला आणि म्हणाला, "मावशी, दहा ते वीसमधला कुठलाही आकडा बोला. मी पत्त्यांना हातसुद्धा लावणार नाही." ती म्हणाली, चौदा. चौदा पत्ते तिने एकेक करून खाली टाकले. मग चौदातला एक आणि चार मिळून पाच, म्हणून टाकलेल्यांतले पाच तिने वरून परत मोजले. पाचवा पत्ता ती उलटणार, तेवढ्यात दर्पण डोळे मिटून म्हणाला, "बदामची राणी. तुमच्या मनात तीच बसलीय मावशी." पत्ता उलटला तर खरंच बदामची राणी. मांडवात शिट्ट्या वाजल्या. मच्छीबाजारात जिच्या तोंडी लागायला हवालदार कचरतो, ती पन्नाशीची बाई चक्क लाजली.

पुढे कितीतरी दिवस बायका तिला बदामराणी म्हणून चिडवत होत्या आणि ती वरवर खेकसत होती. आतून तिला ते आवडत होतं. का आवडू नये? नवरा गेल्यापासून तिच्या मनात काय आहे हे विचारायची कोणाला गरज पडली नव्हती, आणि या पोराने ते न विचारता ओळखलं होतं. पोरात काहीतरी आहे, असं ती दहाजणींना सांगत सुटली.

हाच दर्पण कमलाकांतशेठचा सख्खा भाचा.

कमलाकांतकडे बोईसरच्या मच्छीबाजाराचा ठेका. मुरब्याच्या बायका सकाळी टेम्पोने पाट्या घेऊन यायच्या त्या थेट बाजाराच्या तोंडाशी, रस्त्याला लागून बसायच्या. वत्सलाची सासू भागी तरुण होती तेव्हापासूनची ती जागा. कारखान्यातून सुटलेला माणूस घरी जाता जाता तिथेच वाकून मांदेली निवडायचा. आता कमलाकांतला तिथे काचेच्या कपाटांचं, थंडगार, पॅकबंद मासळीचं दुकान काढायचं होतं. बायकांसाठी त्याने मागे नाल्याच्या कडेला पत्र्याची शेड उभी केली होती. त्या नाल्याचा वास असा, की ताज्या पापलेटला गिऱ्हाईकाने शिळं म्हणावं. तिथे बसायला जायचं म्हणजे धंदा मिटवून घरी जायचं, फक्त थोडं हळूहळू. हे कमलाकांतलाही ठाऊक होतं आणि बायकांनाही.

बायका हटेनात. जबरदस्ती करावी तर मुरब्याच्या बायकांची तोंडं, वर कोणी मोबाईलवर काढलं तर फजिती. मग एक दिवस कमलाकांत अगदी मवाळ होऊन आला.

"भांडण नको," तो म्हणाला. "सोडत करू. तुमच्यातली एक बाई पत्ता काढेल. लाल निघाला तर जागा तुमची, मी पुन्हा नाव काढणार नाही. काळा निघाला तर तुम्ही गुपचूप शेडमध्ये. कॅट दर्पण आणेल, पण पत्त्यांना हात फक्त तुमचा."

बायका कुजबुजल्या. हेमांगी वत्सलाच्या शेजारी बसणारी, लग्न होऊन आलेली तरणी पोर. तिला ते पटेना. "शेठला एवढी दया कुठनं आली?" ती म्हणाली. पण वत्सलाने तिला गप्प केलं. "दर्पण तसा नाय. मी बघलंय. पोरगा पत्त्यांना शिवत पन नाय." बदामराणीने शब्द टाकल्यावर बाकीच्या गप्प झाल्या. पत्ता काढायचं कामही मग तिच्याच गळ्यात पडलं.

सोडतीच्या सकाळी बाजारात पाय ठेवायला जागा नव्हती. मधोमध प्लास्टिकचं टेबल, एका बाजूला कमलाकांत, दुसऱ्या बाजूला पाट्या घेऊन बायका, आणि भोवती पिशव्या लटकवून उभं राहिलेलं गिऱ्हाईक. दर्पणने कॅट काढला, हवेत उडवत, बोटांतून सरसरवत पिसला, टेबलावर ठेवला आणि दोन्ही हात वर केले.

"आता मी शिवणार नाही," तो म्हणाला. "मावशी, दहा ते वीसमधला कुठलाही आकडा."

वत्सलाने कॅट हातात घेतला. हळदीत गंमत होती, इथे सगळ्याजणींचं पोट होतं. "सतरा," ती म्हणाली. एकेक पत्ता पालथा टाकत तिने सतरा मोजले.

"छान. आता सतरा म्हणजे एक आणि सात. आठ झाले. टाकलेल्यांतले आठ वरून परत मोजा. आठवा पत्ता तुमच्या नशिबाचा."

"थांब रे बाबा," पाटीमागून आवाज आला.

भागी बोलत होती. वत्सलाची सासू आता मासळी विकत नव्हती, पण घरी तिचा जीव रमत नव्हता म्हणून रोज टेम्पोत बसून यायची आणि सुनेचे बोंबील मोजून द्यायची. तिने जन्मभर तोंडाने हिशेब केला होता. कागदावर आकडा कसा दिसतो याच्याशी तिचं कधी काही देणंघेणं नव्हतं.

"सतरात एक कुठनं आला?" भागीने विचारलं.

"आजी, सतरा लिहितो ना आपण, एक आणि सात..."

"लिवतोस तू. सतरा म्हंजे दहा नि सात. एक नि सात कसे होतील? मी तुला आठ बोंबील देऊन सतराचे पैसे घेतले, तर चालंल तुला?"

गर्दीत हशा पिकला. हेमांगी तर तोंडाला पदर लावून वाकली. कमलाकांत वैतागून म्हणाला, "म्हातारीला कोणीतरी गप्प करा रे. ए दर्पण, आटप."

"दहा नि सात मोज गो," भागी सुनेला म्हणाली. तिला एकदा हिशेब चुकलेला दिसला की देवसुद्धा गप्प करू शकत नसे.

वत्सलाने टाकलेल्या पत्त्यांवर हात ठेवला. सासूचं ऐकायचं तिच्या मनात नव्हतं, ती नुसती घुटमळली. पण दर्पण घाईने पुढे झुकला. "नाही नाही मावशी, तसं नाही मोजायचं! तसं मोजलं तर वेगळा पत्ता येईल!"

वत्सलाचा हात जागच्या जागी थांबला.

"वेगळा?" ती म्हणाली.

"म्हणजे... नियम तसा आहे."

"नियम ऱ्हाऊ दे. वेगळा म्हंजे कुठल्यापरीस वेगळा?" तिचा आवाज चढला नाही, उलट खाली आला, आणि तिला ओळखणाऱ्या बायका तेवढ्यानेच सावध झाल्या. "पत्ता अजून पालथा हाय. मी बघला नाय, या बायांनी बघला नाय, तू तर शिवला पन नायस. मग वेगळा येईल ते तुला रं कसं ठावं?"

दर्पणने मामाकडे पाहिलं. मामाने दुसरीकडे.

यात नक्की काय आहे हे वत्सलाला कळलं नव्हतं, पण काहीतरी आहे हे कळलं होतं, आणि तिचे कान तापले. आपल्या हाताने पत्ता काढून हरलेली बाई पुढे कोणाशी भांडणार? म्हणून तर हात तिचा हवा होता. आणि हळदीतही हेच, दहा ते वीस. हेच हात वर करणं, हेच मावशी मावशी. तिच्या मनातलं त्याने काही ओळखलं नव्हतं. तिच्या जागी भागी बसली असती, हेमांगी बसली असती, दारात भांडी घासणारी कोणीही बसली असती, तरी राणीच निघाली असती. जागा जाणार होती त्याचा राग होताच, पण हे जास्त लागलं. एवढे दिवस ती त्या राणीला जपत होती.

"बरं," ती म्हणाली. "तू आमची मनं ओळखतोस ना? आज मी तुझं ओळखते."

तिने डोळे मिटले. दर्पण मिटायचा तसेच, दोन बोटं कपाळाला लावून. बायकांत खसखस पिकली.

"आठवा पत्ता काळा हाय," वत्सला म्हणाली.

डोळे उघडून तिने आठ मोजले. आठवा उलटला. किलवरचा गुलाम, काळा कुळकुळीत.

कमलाकांत टेबलावर हात आपटून म्हणाला, "निघाला ना काळा! तुझ्याच हाताने निघाला! झाली सोडत!"

"अजून नऊ बाकी हायत," भागी शांतपणे म्हणाली. "सतरा झाले नाय."

वत्सलाने गुलाम होता तिथेच पालथा घातला आणि त्याच्यावर उरलेले नऊ एकेक करून मोजले. शेवटचा उलटला. बदामची सत्ती.

"लाल!" हेमांगी ओरडली. "म्हातारीच्या हिशेबानं लाल!"

"म्हातारीचा हिशेब इथे चालणार नाही," कमलाकांत म्हणाला.

"नको चालू दे. तुमचाच चालवू." वत्सलाने सत्ती पालथी केली आणि ते सतरा पत्ते होते तसेच उचलून कॅटवर ठेवले. पुढे काय होईल हे तिला तरी कुठे ठाऊक होतं? हातात एक राग होता, तोच तिने लावला. गर्दीत हेल्मेट काखेत घेतलेला एक कामगार उभा होता, दर आठवड्याला तिच्याकडून कोलंबी नेणारा. ती त्याला म्हणाली, "भैया, दस से बीस, कोई भी नंबर बोलो."

"तेरह," तो म्हणाला.

तेरा टाकले. एक आणि तीन, चार. चार मोजले. चौथा उलटला.

किलवरचा गुलाम.

बाजारात असा गलका उठला की पलीकडच्या कोंबडीवाल्याची गिऱ्हाइकंही धावत आली. "सतराला हाच, तेराला हाच!" हेमांगी प्रत्येकाला सांगत होती. "अकरा म्हना, एकोनीस म्हना, हाच येनार!" दर्पण पत्ते गोळा करायला पुढे झाला, पण वत्सलाने गुलामावर तळवा ठेवला. तिच्या तळव्याला मासळीचे खवले चिकटलेले होते.

"तू पत्त्यांना शिवनार नव्हतास ना?" ती म्हणाली. "मग नको शिवू."

पोराने हात मागे घेतला. त्याचं तोंड उतरलं होतं, आणि एरवी तिला दया आली असती. आज आली नाही.

कमलाकांत मात्र पक्का माणूस. तो हसला. "पोराने मस्करी केली, सोडा," तो म्हणाला. "मी आत्ता नवा कॅट मागवतो. तुम्हीच फोडा, तुम्हीच पिसा, पाहिजे ते मोजा. आता तरी खरी सोडत होईल ना? लाल तुमचा, काळा माझा."

बायकांत चुळबुळ झाली. हे बोलणं सरळ वाटत होतं. हेमांगीसुद्धा म्हणाली, "आता तर समदं आपल्याच हातात हाय ना, मावशी?"

वत्सलाने तिच्याकडे पाहिलं. त्या दिवशी हीच पोर शहाणी होती आणि आपण तिला गप्प केलं होतं.

"हेमांगी, उद्या कोनी तुझ्या घरात शिरून म्हनला, घर तुझं का माझं ते पत्त्यावर ठरवू, तर पिसायला बसशील तू?"

वत्सला कमलाकांतकडे वळली.

"लाल निघाला तर आमाला काय मिळनार, शेठ? जे आमचं हाय तेच. काळा निघाला तर तुमाला काय मिळनार? जे आमचं हाय ते. यात तुमी लावलंत काय?" तिने टेबलावरचे सगळे पत्ते दोन्ही हातांनी असे कालवले की कोणालाच त्यांचा क्रम लागू नये. "मी पत्ता काढायला बसली हीच चूक झाली. आता उठली."

ती उठली ती सरळ बाजाराच्या तोंडाशी गेली, रस्त्याला लागून, आपल्या जागेवर, आणि पाटी दाणकन खाली ठेवली. तिच्यामागून हेमांगीची पाटी आली. मग एकेक करत सगळ्यांच्या आल्या. भागी सर्वांत शेवटी आली, कोणाचाही हात न धरता, आणि बोंबलांपाशी फतकल मारून बसली.

"बघून घेईन एकेकीला," कमलाकांत मागून ओरडला. "आज नाही तर उद्या! शेड बांधलीय ती काय शोभेला?"

"बघा की," वत्सला विळी पायाखाली दाबत म्हणाली. "आज बघा, उद्या बघा, दहा ते वीसमधला कुठला पन आकडा धरा, शेठ. पत्ता एकच निघनार. आमी हितंच."

हेल्मेटवाला कामगार समोर येऊन वाकला होता. भागीने त्याला बोंबील मोजून द्यायला घेतले, दहा आणि वर सात.